पॉम-क्रॉस पिल्लू गावात आणताय? आधी हे वाचा

विदर्भातल्या कुठल्याही गावात शिरा, एखाद्या तरी ओसरीवर हे कुत्रं दिसतंच. मळकट पांढरा किंवा बदामी रंग, पाठीवर वळलेली झुबकेदार शेपटी, एक कान उभा तर दुसरा मुडपलेला, वजन सहा ते नऊ किलो आणि आवाज अंगापेक्षा मोठा. खरं पॉमेरेनियन दोन-तीन किलोचं असतं. आपल्याकडे त्या नावानं फिरतं ते बहुतेक इंडियन स्पिट्झ, आणि गावातल्या पिल्लात त्याच्या जोडीला गावठी रक्त.

असं कुत्रं आणणारी घरं दोन टोकांना जातात. एका घरी “कुत्र्याले काय होते, गावातलंच तं आहे” म्हणून ते टिनाखाली साखळीला आणि शिळ्या भाकरीवर. दुसऱ्या घरी ते विलायती समजून दूध-बिस्किटावर आणि पोट्ट्यांच्या कडेवर. हिशेब दोन्हीकडे एकच चुकतो. ऊन, फवारणी, गोचीड सगळं गावातलंच आहे, फक्त अंग लहान आहे. वीस किलोच्या गावठीला जे पचतं ते सात किलोच्याला पचत नाही. म्हणून खाली जिथे जिथे वजन, माप, तास असं काही आलंय, तिथे जरा थांबून वाचा.

1. पिल्लू घेताना

दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. पिल्लं चार आठवड्यांची झाली की खायला मागतात, म्हणून देणारा घाई करतो. पण दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं. लवकर तोडलेलं पुढे चावरं निघण्याची शक्यता जास्त. जमलं तर आई पाहा. अनोळखी माणसाला भुंकून ती मग शांत होते, की खाटेखाली दडून गुरगुरत राहते? जातीच्या नावापेक्षा यावरून जास्त कळतं. बाप कोण हे विचारूच नका. एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे एक पिल्लू मांडीत मावतं आणि त्याचाच भाऊ वर्षभरात गुडघ्याला लागतो. “बारकंच राहते” या शब्दावर जाऊ नका. लहान चणीच्या पिल्लाचं चार महिन्यांचं वजन दुप्पट केलं की मोठेपणीचं वजन ढोबळमानाने येतं.

पिल्लू हातात घेतलं की ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबी हव्यात. पांढरट हिरड्या म्हणजे जंत किंवा गोचिडांनी रक्त ओढलंय. पोट ढोलकं आणि बरगड्या बाहेर, हेही जंतांचंच लक्षण. टाळी वाजवल्यावर दचकून मागे सरणारं आणि थोड्या वेळानं स्वतःहून वास घ्यायला येणारं पिल्लू घ्या. कोपऱ्यात अंग चोरून बसणाऱ्याची दया येते खरी, पण पोराबाळांच्या घरात ते जड जातं.

2. पहिला आठवडा आणि लसी

इतक्या लहान पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा नसतोच म्हणा. रात्रभर उपाशी राहिलं, थंडी लागली की ते थरथरतं, लटपटतं, डोळे फिरवतं. लोकांना वाटतं मिरगी आली. हिरड्यांना गुळाचं पाणी किंवा मध चोळा, पोत्यात गुंडाळून ऊब द्या आणि डॉक्टर गाठा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या, शेवटचं झोपण्याआधी.

त्याच अंगणात आधी एखादं पिल्लू रक्ताची हगवण लागून मेलं असेल तर नवीन पिल्लू तिथे सोडू नका. तो बहुधा पार्व्हो, आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुता येते, शेणामातीचं अंगण नाही. लसी पूर्ण होईस्तोवर पिल्लू घराबाहेर जमिनीवर सोडू नका.

लसी दोन प्रकारच्या. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो वगैरेंची एकत्र लस आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्याला. रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. पुढे दोन्ही दरवर्षी. खर्चाला हात आखडता घ्यायचाच असेल तर महागड्या खाद्यात घ्या, इथे नको. एक गोष्ट मात्र पाहून घ्या: लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. भारनियमनाच्या गावात फ्रिजमध्ये पडून असलेल्या लसीपेक्षा तालुक्याहून थर्मासात बर्फ घालून त्याच दिवशी आणलेली बरी. बाटलीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी.

कुत्र्याला लस असली तरी ते कोणाला चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. चुना, तिखट, हळद काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, त्यामुळे इथे “पाहू उद्या” चालत नाही.

3. खाणं

आठ किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 500 कॅलरी पुरतात. म्हणजे एक मध्यम ज्वारीची भाकर, एक उकडलेलं अंडं आणि शंभर ग्रॅम शिजवलेली कोंबडी किंवा तेवढ्याच मोलाचं वरण-दही. भंडारा-गोंदियाकडे भाकरीऐवजी भात. एवढंच, आणि तेही दोन वेळांत विभागून. घरातली पाच माणसं प्रत्येकी एक घास टाकतात तेव्हा याच्या दुप्पट होतं आणि “खातच नाही जास्त, तरी फुगलं” असं ऐकू येतं. बरगड्यांवरून हात फिरवा: दाबल्याशिवाय बरगडी लागली पाहिजे, नुसती डोळ्यांना दिसता कामा नये.

घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये बारीक करा. आठ किलोच्या कुत्र्याला रोज पाव चमचा पुरे. गर्भार कुतरी आणि वाढतं पिल्लू यांचं माप डॉक्टरला विचारा.

कांदा आणि लसूण देऊ नका, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपली फोडणीची भाजी आणि सावजी रस्सा आपोआप बाद. द्राक्षं, मनुका, चॉकलेटही नाही. लग्नाच्या पंगतीनंतरचं तेलकट उष्टं लहान कुत्र्याला मोठ्यापेक्षा जास्त बाधतं. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि पाठीची कमान करून बसणं दिसलं तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. शिजवलेल्या कोंबडीचं हाड सुईसारखं फुटतं. आणि नवसाचा बोकड कापला की कच्ची वजडी, कच्चं फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायची रीत आहे, ती बंद करा. त्यातल्या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पोरांच्या हाताला लागतात आणि माणसाच्या यकृतात हायडॅटिडच्या गाठी होतात. शिजवून दिली तर हरकत नाही.

4. स्वभाव: अर्धं राखणदार, अर्धं मांडीवरचं

या कुत्र्यात दोन स्वभाव एकत्र नांदतात. स्पिट्झकडून आलेली चिकट माया आणि सतत भुंकणं, गावठीकडून आलेला संशय आणि आपली हद्द सांभाळायची खोड. राखण म्हणून उत्तम: गेटचा आवाज तुमच्या आधी ते ऐकतं. पण माणूस कोण, पाहुणा कोण हे त्याला शिकवावं लागतं, आणि ते शिकण्याचा काळ फार लवकर संपतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे पाहिलं, ऐकलं ते त्याला आपलं वाटतं. नेमक्या याच काळात लसी अपुऱ्या असतात. उपाय सोपा आहे: खाली न सोडता कडेवर घेऊन फिरवा. एसटी स्टँड, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, बैलबंडी, फेटेवाला बुढा, डोक्यावर भारा घेतलेली बाई, सगळं दाखवा. प्रत्येक नव्या गोष्टीला अंड्याचा एक कण.

गुरगुरल्यावर मारू नका. गुरगुरणं म्हणजे ते बोलून सांगतंय की पुरे. मार खाऊन गुरगुरणं थांबतं, चावणं थांबत नाही. मग लोक म्हणतात, “काही न सांगता चावलं.” लहान कुत्र्याच्या बाबतीत तर हे हसण्यावारी नेतात: दात दाखवले की पोट्टे टाळ्या पिटतात, पुन्हा डिवचतात. चावा बहुतेक वेळा उचलताना बसतो. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा खाटेखाली गेलेल्या कुत्र्याला कोणी उचलायचं नाही, हा नियम आधी पोरांना शिकवा. त्याच्या तोंडात काही नको ते असेल तर हिसकू नका. दुसऱ्या हातात अंडं धरा, “सोड” म्हणा आणि बदली करा.

शब्द चारच ठेवा: ये, बस, थांब, सोड. घरातले सगळे तेच वापरतील हे पाहा. आजी “हड” म्हणते, पोरगा “गो” म्हणतो आणि बाबा शिट्टी मारतात, मग कुत्रं कोणाचंच ऐकत नाही.

कोंबड्या आणि बकरीची पिल्लं ही या कुत्र्याची कमजोरी. एकदा कोंबडी पकडली की सवय मोडणं अवघड. सुरुवातीचे दोन-तीन महिने अंगणात असताना कमरेला लांब कासरा लावून सोडा. ते कोंबडीकडे पाहून तुमच्याकडे पाहील त्या क्षणी शाबासकी आणि फुटाणा. धाव घेतली तर कासऱ्यावर पाय. ओरडायचं नाही, ओरडणं त्याला खेळाची साथ वाटते.

दिवाळीचे फटाके, मिरवणुकीतला डीजे यांना ही कुत्री फार भितात. त्या दिवशी उजेडातच फिरवून आणा आणि संध्याकाळी आतल्या खोलीत कूलर किंवा टीव्ही लावून ठेवा. दार पक्कं बंद. घाबरून पळालेलं लहान कुत्रं अनोळखी गल्लीत गेलं की तिथली कुत्री त्याला फाडतात.

5. उन्हाळा

चंद्रपूर-ब्रह्मपुरी पट्ट्यात मे महिन्यात पारा 45 ते 47 च्या घरात जातो, नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) तर विचारू नका. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग निववतं. हवाच इतकी तापलेली असली की धापेनंही अंग निवत नाही. टिनाच्या छपराखाली दुपारी बांधलेलं कुत्रं म्हणजे चुलीवर ठेवलेलं भांडं. मार्च ते जून त्याला अकरा ते सहा घराच्या आत, मातीच्या भिंतीलगत किंवा कूलरच्या खोलीत घ्या. पाणी मातीच्या कुंड्यात, सावलीत, दोन ठिकाणी. एक सांडलं तर दुसरं असतं.

फिरणं पहाटे किंवा दिवे लागल्यावर. डांबरी रस्त्यावर पालथा हात टेकवा. सात आकडे मोजेपर्यंत टेकवता आला नाही तर त्याचे पंजेही भाजतील. उन्हाळा आला म्हणून केस भादरून टाकतात, ते नको. वरचे लांब केस ऊन अडवतात, आतली मऊ लोकर गरम करते. ती लोकर मार्चमध्ये रोज विंचरून काढली की काम झालं.

उष्माघात ओळखा: जीभ लांब बाहेर, हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ दाट चिकट, चाल झोकांड्या खाणारी, मग उलटी, मग कोसळणं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, ते 105 च्या वर गेलं की धोका. सावलीत आणा आणि साधं पाणी पोटावर, जांघेत, काखेत, पंज्यांवर ओतत राहा, सोबत पंखा. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नका, खाली वाफ कोंडते. तोंडात पाणी ओतू नका. तापमान 103 ला आलं की ओतणं थांबवा. नंतर ते उठून शेपटी हलवू लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कारण मूत्रपिंडं बसतात ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

6. गोचीड

आमच्याकडे कुत्री सर्वात जास्त कशानं दगावतात असं विचारलं तर मी आधी पार्व्हो आणि मग गोचिडाचा ताप म्हणेन. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड हा गोठ्यातल्या ढोरांवरच्या गोचिडापेक्षा वेगळा. तो घरात राहतो. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत, खाटेच्या सांध्यात शिरते आणि हजारांच्या संख्येत अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्रं धुऊन काही होत नाही.

रोज संध्याकाळी ओसरीवर दिव्याखाली घेऊन बसा. कानाच्या आत, कानामागची घडी, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या मधे, शेपटीच्या मुळाशी बोटांनी चाचपा. दाट केसांत डोळ्यांना दिसत नाही, बोटाला ज्वारीच्या दाण्यासारखं लागतं. चिमट्यानं कातडीलगत धरा, सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका. नखावर चिरडू नका. पावसाळ्यानंतर बोटांमधे गोचिडाच्या जोडीला कुसळंही सापडतील. ती आत शिरून पू करतात, त्याच बैठकीत काढून टाका.

अंगावरच्या औषधाचं सांगायचं तर महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात. सगळे कुत्र्याच्या वजनाच्या गटाप्रमाणे घ्यायचे. ढोरांच्या गोचिडाचं औषध अंदाजे पाण्यात टाकून लहान कुत्र्याला आंघोळ घालणं हा सरळ विषप्रयोग आहे. ते चाटतं, सुस्तावतं, थरथरतं. रॉकेल, जळकं ऑईल, फिनाईल हेही नको, ना गोचिडाला ना खरजेला. भेगा मात्र बुजवा, चुना मारा, खाट उन्हात टाका.

खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिकट पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर रक्त तपासून घ्या. एर्लिकिया (गोचिडातून येणारा जंतू) निघाला तर गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. चौथ्या दिवशी कुत्रं खाऊ लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, मग तोच ताप उलटतो. बबेसिया (गोचिडातूनच येणारा दुसरा जंतू) निघाला तर इंजेक्शनचा डोस किलोला मोजून द्यावा लागतो. सुई भरण्याआधी वजन करा असं डॉक्टरला बेलाशक सांगा.

7. वावर, फवारणी, तारा आणि रानातली जनावरं

कपाशी-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत कुत्रं वावरात नेऊ नका. ते जमिनीलगत चालतं, पोट ओल्या पिकाला घासतं आणि घरी येऊन तेच चाटतं. लाळ गळणं, बाहुल्या बारीक होणं, अंग फडफडणं दिसलं तर साबणानं धुवा (हातमोजे किंवा पिशवी घालून), औषधाचा डबा सोबत घ्या आणि धावा. अॅट्रोपिन हा त्यावरचा उतारा वेळेत मिळाला तर वाचतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, तेवढं मीठच त्याला मारू शकतं. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं आणि उंदरांचं औषध उंचावर ठेवा.

रानडुकरांसाठी कोणी कुंपणात थेट लाईन सोडतं. ते बेकायदा आहे आणि कुत्रं जागेवर जातं, माणूसही. धुऱ्यावरून नेताना मोकळं सोडू नका.

साप चावल्याचा संशय आला तर दोरी बांधू नका, चिरू नका, चालवू नका. उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालणारं प्रतिविष एकच आहे आणि लहान अंगात विष लवकर चढतं, म्हणून वेळ दवडू नका.

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर या जंगलांच्या आसपासची गावं असतील तर रात्री कुत्रं घरात, दाराला कडी. बिबट्याला सात किलोचं कुत्रं साखळीसकट नेता येतं. आणि डिस्टेंपरची लस तिथे दुहेरी कामाची, कारण हा रोग कुत्र्यांकडून रानातल्या मांजरकुळात जाऊ शकतो. गीरमध्ये 2018 साली सिंह याच रोगानं मेले होते.

8. लहान अंगाचे खास आजार

चालता चालता मागचा एक पाय उचलतं, तीन पायांवर दोन-तीन उड्या मारतं, पाय झटकतं आणि काही झालंच नाही असं पुढे चालू लागतं. घरचे म्हणतात लंगडी खेळतंय. ती गुडघ्याची वाटी सरकलेली असते. वजन आटोक्यात ठेवा, बंडीवरून आणि उंच ओट्यावरून उडी मारू देऊ नका. वारंवार झालं तर दाखवा, पुढच्या टप्प्यात ऑपरेशन लागतं.

उत्साहात आलं की बदकासारखा कोरडा खोकला येत असेल तर श्वासनलिका दबतेय. बकरीची साखळी काढा, छातीवरून जाणारा पट्टा घ्या. सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा नव्या सुळ्याशेजारी तसाच असेल तर तो काढावा लागतो, नाहीतर तिथे घाण अडकून दात किडतात. बोटाला सुती फडकं गुंडाळून दात पुसायची सवय लहानपणीच लावा. माणसाची टूथपेस्ट नको.

9. माज आणि नसबंदी

कुतरी सहा ते दहा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते, पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. ते तीन आठवडे तिला दाराबाहेर एकटी सोडू नका. मोठ्या गावठी नराची पिल्लं या लहान पोटात वाढली की वेत अडतं आणि मध्यरात्री ऑपरेशनसाठी नागपूर गाठावं लागतं. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून टाका. माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत कुतरी खूप पाणी पिऊ लागली, मागून पू येऊ लागला तर गर्भाशयात पू झालाय, थांबू नका. मोकाट फिरणाऱ्या नरांच्या लिंगावर समागमातून पसरणारी गाठ होते, तिथून रक्ताचे थेंब गळतात. वेळेत गेलं तर इंजेक्शनांनी बरी होते.

10. डॉक्टरकडे जाताना

श्रेणी-1 च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर असतात, पण त्यांचा दिवस ढोरांत जातो. कुत्र्याचं ऑपरेशन किंवा रक्ततपासणी असेल तर जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था. फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

घरात थर्मामीटर, चिमटा, पट्टी, ओआरएसची पुडी आणि आजचं वजन लिहिलेलं कार्ड असू द्या. माणसांच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या त्या डब्यात नकोत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी इतक्या लहान कुत्र्याचं यकृत, पोट किंवा मूत्रपिंड जातं. मोटारसायकलवर नेताना पिशवीत कोंबू नका, झाकणाची प्लास्टिकची टोपली मधे बांधा. आणि बाजाराच्या दिवशी दवाखान्यात बैलांची गर्दी असते, तेव्हा आधी फोन करून वेळ विचारून घ्या.